माग माणसांचा आणि पैशांचा

उत्तर इटलीतील ब्रेशिया या शहरात, परदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कामगारांना मायदेशी पैसे पाठविण्याची सोय करून देणारी एक लहानशी पेढी होती. २५ नोव्हेंबर २००८ रोजी या पेढीतून वेस्टर्न युनियनमार्फत २२९ डॉलरची एक रक्कम अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात असलेल्या ‘कॉलफोनेक्स’ नावाच्या कंपनीकडे रवाना झाली. ही कंपनी इंटरनेटच्या माध्यमातून दूरध्वनी संभाषणाची सेवा विकत असे. रक्कम पाठविणारा म्हणून एका पाकिस्तानी नागरिकाचे नाव व त्याच्या पारपत्राचा तपशील पेढीच्या दप्तरी नोंदविलेला होता. त्या माणसाने इटलीच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते, हे पुढे तपासात निष्पन्न झाले.

दुसऱ्याच रात्री मुंबईवर हल्ला झाला. ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय हॉटेल आणि नरिमन हाऊस या तीन ठिकाणी ठाण मांडून बसलेल्या दहशतवाद्यांना सीमेपलीकडून क्षणाक्षणाला सूचना मिळत होत्या, त्या याच कंपनीच्या सेवेद्वारे. १६६ माणसे मृत्युमुखी पडली आणि २३८ जखमी झाली. ज्या संभाषणांतून हा संहार चालविला गेला, त्यांच्या खर्चाचा एक भाग अशा रीतीने एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या किराणा खर्चाएवढ्या रकमेत भागविला गेला होता.

दहशतवादी गुन्ह्याचा तपास म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील दृश्ये उभी राहतात: पाठलाग, चकमक, अंधाऱ्या खोलीतील उलटतपासणी. वास्तवात हे काम बँकेच्या वार्षिक ताळेबंदाइतकेच रुक्ष, कागदपत्रांनी भरलेले आणि चिकाटीची परीक्षा पाहणारे असते. एखादा क्रमांक, एखादी पावती, एखादी किल्ली हाती लागते. ती कोणाची, कोठून आली, तिच्या आधी काय आणि नंतर काय, असे विचारीत तपास अधिकारी एकेक पाऊल पुढे टाकतो.

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांचा तपास याचे उत्तम उदाहरण ठरावा. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अवघ्या दोन-सव्वादोन तासांत एअर इंडिया इमारत, वरळीचे सेंच्युरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह, झवेरी बाजार अशी एकामागून एक ठिकाणे हादरत गेली. २५७ जणांचा बळी गेला आणि ७१३ जण जखमी झाले. एकाच शहरात इतक्या अल्पावधीत इतके स्फोट घडविण्याची ही भारतातील पहिलीच वेळ. कोठून सुरुवात करावी हाच प्रश्न होता.

सुरुवात झाली ती एका बेवारस वाहनापासून. वरळीत सीमेन्स कंपनीच्या आवाराजवळ एक मारुती व्हॅन कोणीतरी सोडून दिली होती आणि तिच्यात एके-५६ रायफली व हातबॉम्ब आढळले. वाहनाच्या नोंदणीवरून पोलीस पथक माहीमच्या अल-हुसैनी इमारतीतील मेमन कुटुंबाच्या सदनिकेपर्यंत पोहोचले. घर बंद होते. कुटुंब स्फोटांपूर्वीच देश सोडून गेले होते. घराच्या झडतीत एका स्कूटरची किल्ली सापडली. दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर स्फोटकांनी भरलेली, परंतु सुदैवाने स्फोट न झालेली एक स्कूटर पोलिसांना मिळाली होती. ती किल्ली या स्कूटरला लागली! तत्कालीन पोलीस उपायुक्त राकेश मारिया यांच्या पथकाच्या या शोधानंतर कटाचे धागे झपाट्याने उलगडत गेले, आणि ते थेट रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दिघी व शेखाडी येथे उतरविण्यात आलेल्या शस्त्रास्त्रांपर्यंत व आरडीएक्सपर्यंत जाऊन भिडले. चोरटा माल उतरविण्यासाठी ज्या वाटा आणि ज्या लाचखोरीची सवय पडलेली होती, त्याच वाटांनी आरडीएक्स आले. सीमाशुल्क खात्यातील व पोलीस दलातील काही जणही या खटल्यात दोषी ठरले, ही बाब विसरण्याजोगी नाही. चांदीच्या विटांकडे काणाडोळा करणाऱ्याने पेटीत या खेपेस काय आहे हे पाहिले नाही, किंवा पाहण्याची इच्छा दाखविली नाही.

टाडा न्यायालयाने या खटल्यात १०० आरोपींना दोषी ठरविले. निकाल जाहीर होण्यास सप्टेंबर २००६ उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २१ मार्च २०१३ रोजी आला. स्फोटानंतर वीस वर्षे!

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी परिस्थिती निराळी होती. हल्लेखोरांपैकी एकजण जिवंत पकडला गेला होता. गिरगाव चौपाटीनजीकच्या नाकाबंदीत सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलीत अजमल कसाबला पकडून ठेवले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर वृत्तपत्र छायाचित्रकारांनी जिवाची पर्वा न करता टिपलेली त्याची छायाचित्रे होती, रेल्वे स्थानकातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण होते, शेकडो प्रत्यक्षदर्शी होते. मग तपासायचे उरले काय, असे कोणासही वाटेल. परंतु कसाबने गोळ्या झाडल्या हे सिद्ध करणे आणि त्या गोळ्यांमागील कट सिद्ध करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी समुद्राची उलटी वाट चालून जाणे भाग होते.

ही वाट कफ परेडच्या बधवार पार्कजवळील कोळीवस्तीपासून सुरू होते. रात्रीच्या वेळी हवेने फुगविलेल्या एका रबरी बोटीतून अनोळखी तरुण उतरल्याचे वस्तीतील लोकांनी पाहिले होते. बोट पोलिसांच्या ताब्यात आली. तिला जोडलेले यामाहा कंपनीचे इंजिन जपानहून पाकिस्तानात आयात झाले होते, हे त्याच्या क्रमांकावरून उघड झाले. खोल समुद्रात भरकटत असलेली ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका तटरक्षक दलाने शोधून काढली. तिच्या इंजिनाच्या खोलीत तांडेलाचा मृतदेह होता. नौकेवर उपग्रह दूरध्वनी, दिशादर्शक जीपीएस यंत्र, पहाऱ्याच्या पाळ्यांची नोंद असलेली वही आणि नेहमीच्या वापरातील किरकोळ चीजवस्तू मिळाल्या: गव्हाचे पीठ, लोणचे, दाढीचे क्रीम, डिझेलची पिंपे. यांतील अनेक वस्तूंवर पाकिस्तानात उत्पादन झाल्याची छापील खूण होती. खलाशांच्या दृष्टीने हा प्रवासातला केरकचरा. तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वेष्टन हा एक साक्षीदार. नौकेवरील वस्तूंवर मिळालेल्या नमुन्यांची डीएनए तपासणी करून ते हल्लेखोरांच्या नमुन्यांशी जुळवून पाहण्यात आले. जीपीएस यंत्रांच्या स्मृतिकोशातील नोंदी अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या तज्ज्ञांनी वाचल्या, तेव्हा कराचीच्या दिशेकडून मुंबईकडे येणारा मार्ग स्पष्ट झाला. या तज्ज्ञांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षही दिली.

दुसरी वाट आवाजांची. हल्ला सुरू असतानाच राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने दहशतवाद्यांच्या हाती असलेले मोबाइल क्रमांक हुडकून त्यांवरील संभाषण ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला होता. दूरध्वनी येत होते ते मात्र अमेरिकेतील व ऑस्ट्रियातील क्रमांकांवरून! वास्तविक हे क्रमांक केवळ मुखवटे होते. इंटरनेटद्वारे कोणत्याही देशातून बोलणाऱ्यास दुसऱ्याच देशाचा क्रमांक भाड्याने मिळू शकतो. मुखवट्यामागचा चेहरा शोधण्यासाठी तपास अधिकारी कॉलफोनेक्सच्या हिशेबवहीकडे वळले. ऑक्टोबर २००८ मध्ये स्वतःला भारतातील व्यावसायिक म्हणविणाऱ्या एका इसमाने ई-मेलद्वारे हे खाते उघडले होते. त्याचे देणे मात्र निराळ्याच नावांनी, निराळ्याच देशांतून चुकते झाले होते. त्यांतलीच एक रक्कम ब्रेशियाची. ग्राहक म्हणतो मी भारतातला, पैसे येतात इटलीहून, पारपत्र पाकिस्तानचे; बँकेच्या खिडकीपाशी बसलेल्या कोणत्याही जाणत्या कर्मचाऱ्याच्या भुवया उंचावाव्यात अशीच ही विसंगती होती. नोव्हेंबर २००९ मध्ये इटालियन पोलिसांनी ती पेढी चालविणाऱ्या दोघांना अटक केली.

येथे थोडे थांबून एका प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल. २२९ डॉलरची रक्कम आधीच अडविता आली असती काय? बहुधा नाही. कोणत्याही देशाची कोणतीही यंत्रणा एवढ्या लहान रकमेसाठी धोक्याची घंटा वाजवीत नाही, आणि वाजवू लागली तर रोज कोट्यवधी प्रामाणिक माणसांचे व्यवहार खोळंबतील. दहशतवादास लागणारा पैसा हा भ्रष्टाचाराच्या किंवा अमली पदार्थांच्या पैशासारखा डोंगराएवढा नसतो. तो थेंबाथेंबाने वाहतो आणि बहुतेक वेळा त्याचा उगमही कायदेशीर दिसतो. म्हणून येथे रकमेच्या आकड्यापेक्षा व्यवहाराची संगती महत्त्वाची. रक्कम अडविता आली नाही, तरी तिची नोंद झालेली होती. आणि त्या नोंदीनेच पुढे वाट दाखविली.

भारतातील बँकांवर असलेल्या जबाबदाऱ्यांचा उलगडाही येथेच होतो. संपत्ती गैरव्यवहार प्रतिबंध अधिनियम, २००२ हा १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्यापूर्वी नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत वित्तीय गुप्तवार्ता कक्षाची (एफआययू-इंड) स्थापना झाली होती. दहा लाख रुपयांवरील रोख व्यवहारांची, त्याचप्रमाणे एकमेकांशी निगडित अशा लहान लहान रोख व्यवहारांची बेरीज महिन्यात या मर्यादेपलीकडे गेल्यास त्यांचीही माहिती बँका या कक्षास कळवितात. संशयास्पद व्यवहाराच्या अहवालास मात्र रकमेची कोणतीही किमान मर्यादा नाही. असा अहवाल पाठविल्याचे संबंधित ग्राहकास सांगण्यास कायद्याने मनाई आहे, कारण चोराला सावध करून चोरी पकडली जात नाही. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ च्या कलम ५१-अ नुसार संयुक्त राष्ट्रांच्या व शासनाच्या याद्यांतील व्यक्ती व संघटनांची नावे खातेदारांच्या नावांशी ताडून पाहावी लागतात आणि जुळणी झाल्यास खाते गोठविण्याची कार्यवाही सुरू होते. नावसाधर्म्यामुळे एखाद्या निरपराध खातेदारास याचा त्रास होतो, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच जन्मतारीख, वडिलांचे नाव, पत्ता असे दुय्यम तपशील बिनचूक असणे ग्राहकाच्याच हिताचे आहे.

बनावट नोटांचेही तसेच. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्यास बँक त्या जप्त करून मासिक अहवालाद्वारे पोलिसांना कळविते. पाच किंवा अधिक आढळल्यास प्राथमिक माहिती अहवाल नोंदवावाच लागतो. उच्च प्रतीच्या बनावट भारतीय चलनाचा प्रसार करून देशाच्या आर्थिक स्थैर्यास बाधा आणणे हे कृत्य २०१२ च्या दुरुस्तीनंतर दहशतवादी कृत्याच्या व्याख्येत समाविष्ट झाले आहे.

‘पंचवीस वर्षांचे खाते आहे, मॅनेजरसाहेब नावाने ओळखतात, आणि आता पुन्हा फोटो व पत्त्याचा पुरावा कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक शाखेत ऐकू येतो. एकच कागद तीनदा मागविला जातो तेव्हा ही तक्रार रास्तच असते. परंतु खोट्या ओळखीवर किती काही उभे राहू शकते, याची साक्ष २६ नोव्हेंबरच्या प्रकरणात पानोपानी आढळते. हल्लेखोरांच्या जवळ हैदराबादच्या महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती. हल्ल्यापूर्वी मुंबईची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीने तर अमेरिकेत कायदेशीर मार्गाने नाव बदलून घेतले होते आणि ताडदेवमध्ये स्थलांतर सल्ल्याचे कार्यालय थाटले होते. २०१६ मध्ये दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष देताना त्याने हेही सांगितले, की या कार्यालयाच्या संदर्भात रिझर्व्ह बँकेकडे केलेला अर्ज नामंजूर झाला होता. एका कागदावरील नकार! त्याने कट थांबला नाही, हे खरे. परंतु आवरणाची एक शिवण उसवली गेली.

तपासाची खरी कसोटी न्यायालयात लागते. घटनास्थळी उचललेली प्रत्येक वस्तू पंचांसमक्ष लाखबंद झाली काय, तिच्यावरील मोहोर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अभंग राहिली काय, कोणाच्या हातून कोणाच्या हाती ती गेली याची सलग नोंद आहे काय, या गोष्टींवर वर्षानुवर्षांची मेहनत तरते किंवा बुडते. संगणकीय नोंदींसाठी विहित प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब नुसार दिले जात असे, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार दिले जाते. खात्याचे उतारे न्यायालयात दाखल करणाऱ्या बँक अधिकाऱ्यांना अशा प्रमाणपत्राचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कसाबच्या कबुलीजबाबाची हकीकत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. टाडा कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य होता. बेकायदेशीर कृत्ये अधिनियमात ती तरतूद नाही. म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये कसाबला महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्यात आले. त्यांनी जबाब लगेच नोंदविला नाही. ‘तू कबुली देण्यास बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’, ही समज देऊन त्यास विचार करण्यासाठी अवधी दिला; पुन्हा बोलाविले, पुन्हा अवधी दिला; आणि त्यानंतरच जबाब लिहून घेतला. पुढे कसाबने तो नाकारला. आपण चित्रपटात काम मिळविण्यासाठी मुंबईत आलो होतो, असे त्याने न्यायालयास सांगितले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने तो जबाब स्वेच्छेने दिलेला मानला, याचे कारण दंडाधिकाऱ्यांनी घेतलेली ही सावधगिरी. त्याच निकालात न्यायालयाने असेही बजावले, की अटक झालेल्या व्यक्तीस प्रथम हजर केले जाईल तेव्हाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. सहाशेहून अधिक साक्षीदार, अकरा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र, आणि हल्ल्यानंतर दीड वर्षाच्या आत, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी तिची अंमलबजावणी झाली.

परंतु याच खटल्यात दोन भारतीय आरोपी तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले. त्यांनी दिलेला, हाताने काढलेला नकाशा एका मृत दहशतवाद्याच्या विजारीच्या खिशात मिळाल्याचे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. विजार रक्ताने भिजलेली, आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही, खिशात वागविल्याच्या सुरकुत्याही नाहीत! न्यायालयाने त्या पुराव्यावर विश्वास ठेवला नाही.

याहून कटू प्रकरण ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वेगाड्यांतील स्फोटांचे. संध्याकाळी घरी परतणाऱ्या चाकरमान्यांच्या सात गाड्यांमध्ये, पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अवधीत बॉम्ब फुटले आणि १८० हून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक जण बँका, विमा कंपन्या व कचेऱ्यांतून सुटलेले होते. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखालील विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले. एकास नऊ वर्षांच्या कारावासानंतर मुक्त केले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. पोलीस अधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यास तसा अधिकारच उरला नव्हता, साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प होते, जप्त मुद्देमाल नीट लाखबंद केलेला नव्हता, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे निष्कर्ष आहेत. शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. एकोणीस वर्षांनंतर, ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना गुन्हेगार कोण हे ठाऊक नाही, आणि ज्यांनी तुरुंगात तारुण्य घालविले त्यांना ती वर्षे परत मिळणार नाहीत. लाखेची मोहोर हा शब्द एरवी किती क्षुल्लक वाटतो!

२६ नोव्हेंबरनंतर संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणा अधिनियम, २००८ संमत केला. राज्यांच्या सीमा ओलांडणारे गुन्हे एका छत्राखाली तपासणारी एनआयए ही संस्था त्यातून उभी राहिली. आरोपपत्रासाठी मिळणारी मुदत विशिष्ट परिस्थितीत १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. तथापि खटला चालविण्यापूर्वी शासनाची पूर्वमंजुरी आणि त्यासाठी पुराव्याचा स्वतंत्र आढावा बंधनकारक आहे. याच यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत जाऊन हेडलीचे जबाब घेतले. त्याचा साथीदार तहव्वूर राणा याला दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन करण्यात आले.

मुंबई पोलिसांच्या मूळ आरोपपत्रात ३५ जण फरारी दाखविलेले होते. त्यांतील बहुतेक आजही भारतीय न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहेत. त्या तीन रात्रींतील सूचना देणाऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित स्वरूपात भारताकडे आहेत. ते कोणाचे हे ताडून पाहण्यासाठी संशयितांच्या आवाजाचे नमुने पाकिस्तानकडे मागण्यात आले. ते अद्याप मिळालेले नाहीत.